सायलेन्स! साउंड रोलिंग...

मित्रांनो, आधी एक काम करा. अंक हातात तसाच धरा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजा. तेवढ्या वेळात कोणकोणते आवाज कानांवर येतात ते लक्षात ठेवा.

झालं? काय काय ऐकलंत? पंखा तर असणारच. शेजारच्या कुकरची शिट्टी, बादलीत पडणारं नळाचं पाणी, रस्त्यावरची रिक्षा, एखादा कावळा. आणि फ्रिज? फ्रिज ऐकू आला का? नाही ना! अहो, तो दिवसभर घुर्र करत असतो, पण आपला मेंदू त्याला ‘हा घरचाच’ म्हणून सोडून देतो. माईकला मात्र घरचा आणि परका कळत नाही. त्याच्या पुढ्यात जे येईल ते सगळं तो इमानेइतबारे नोंदवून ठेवतो.

म्हणूनच सिनेमाच्या शूटिंगच्या जागी एक माणूस असा लागतो, ज्याला फ्रिज ऐकू येतो! त्याला म्हणतात लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट. मराठीत सांगायचं तर चित्रीकरणाच्या जागेवरचा ध्वनिमुद्रक. नटनट्या बोलत असतात तेव्हा त्यांचे संवाद तिथल्या तिथे, जसेच्या तसे टिपणं हे त्याचं काम. तुमच्यापैकी एखाद्याला किंवा एखादीला पुढेमागे हे काम करावंसं वाटलं, आणि पहिल्या शूटिंगचं बोलावणं आलं, तर तयारी कशी करायची? आज त्याच्याच गप्पा मारू या. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे चुकाही भरपूर करून झाल्या आहेत. त्यातली एक शेवटी सांगेन.

तुम्ही म्हणाल, संवाद तर नंतर स्टुडिओत डब करतात ना? बरोबर आहे. पण सुरुवात तशी नव्हती बरं का! आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला. अर्देशिर इराणी यांच्या या बोलपटात आवाज आणि चित्र बरोबरच टिपलं जायचं. गंमत म्हणजे स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. नट पेंगुळलेले, पण आवाज स्वच्छ! पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला.

मग साठच्या दशकात हलके कॅमेरे आले. ते खांद्यावर टाकून डोंगरदऱ्यांत नेता यायचे, पण शिवणयंत्रासारखी घरघर करायचे. त्या घरघरीत संवाद कसले मिळणार? तेव्हा जागेवर नुसता कामचलाऊ आवाज घ्यायचा आणि नंतर काचेच्या खोलीत उभं राहून सगळं पुन्हा बोलायचं, अशी पद्धतच पडून गेली. वारं बदललं ते ‘लगान’मुळे. २००१ सालच्या या सिनेमाचं शूटिंग कच्छमध्ये भुजजवळ झालं आणि एवढ्या मोठ्या हिंदी सिनेमातले संवाद त्या उघड्या माळरानावर, जागेवरच घेतले गेले. त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्या मराठीतही धनगर कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या ‘ख्वाडा’ला जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी २०१४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिल्यनेअर’च्या ध्वनीसाठी दोन सहकाऱ्यांबरोबर २००९ साली ऑस्कर मिळालं, हे तुम्ही वाचलं असेलच.

तर आता बोलावणं आलं आहे असं समजा. दहा दिवसांनी शूटिंग. पहिलं काम काय? माईक पुसायचा? छे! पहिलं काम म्हणजे पटकथा मागून घ्यायची आणि पेन्सिल घेऊन वाचायची. इतर लोक गोष्ट वाचतात, आपण आवाज वाचायचे. ‘आई स्वयंपाकघरात भाकरी थापत बोलते.’ म्हणजे थापण्याचा आवाज संवादावर पडणार. ‘दोघं मोटारसायकलवरून जाताना बोलतात.’ इथे बूमचा माईक उपयोगाचा नाही, कपड्यांच्या आत कॉलर माईक लावावा लागणार. ‘मुलगा आजोबांच्या कानात सांगतो.’ कुजबुज! मग आसपास किती शांतता हवी? अशा प्रत्येक ठिकाणी खूण करायची आणि कोणाकोणाशी बोलायचं ते समासात लिहायचं. मोटारसायकलवाल्या प्रसंगाबद्दल दिग्दर्शकाशी, भाकरीबद्दल कलादिग्दर्शकाशी, बांगड्या किती आणि काचेच्या की प्लॅस्टिकच्या याबद्दल वेशभूषेवाल्या ताईंशी. हसू नका! नायिकेच्या हातातल्या डझनभर काचेच्या बांगड्यांनी चांगल्या चांगल्या संवादांची वाट लावली आहे. मंगळसूत्राच्या वाट्या माईकवर आपटतात. नव्या कोल्हापुरी चपला तर एवढ्या करकरतात, की पाय दिसत नसतील तर त्या काढूनच ठेवायच्या.

दुसरं काम जागा बघायची. बघायची म्हणजे ऐकायची. इथे नवखे लोक हमखास फसतात. शूटिंग सकाळी सहाला आणि हे महाशय जागा बघायला जातात दुपारी तीनला! दुपारी तीनला सगळं गाव झोपलेलं असतं हो. सहाला देवळावरचा कर्णा सुरू असतो, दूधवाल्याच्या किटल्या वाजतात, कोंबडे आरवतात. म्हणून ज्या वेळी शूटिंग त्याच वेळी जायचं, मधोमध पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. पिठाची गिरणी कुठे आहे? ती किती वाजता सुरू होते? शाळेची घंटा? विहिरीवरचा पंप? जवळून रेल्वे जाते का? खाणीत सुरुंग किती वाजता लावतात? आठवड्याचा बाजार कुठल्या वारी? हे सगळं वहीत टिपायचं. गिरणीवाल्या काकांशी तिथेच चहा पिऊन घेतला, तर शूटिंगच्या दिवशी तासभर गिरणी थांबवायला ते तयार होतात. आदल्या दिवशी नीट विचारलं तर माणसं ऐकतात. ऐन वेळी ओरडून मात्र कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं?

एक गोष्ट मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाही, ती म्हणजे निसर्ग. झाडावर रातकिडे किंवा सिकाडा सुरू झाले की हात जोडून बसायचं. जनरेटरची गाडी मात्र आपण दूर उभी करवून घेऊ शकतो. एखाद्या भिंतीच्या किंवा घराच्या आड, वाऱ्याची दिशा बघून. हे आधी सांगितलं तर लाइटदादा जास्तीची केबल बरोबर घेतात.

आता पेटी भरू या. बूम म्हणजे एक लांबलचक दांडा, ॲल्युमिनियमचा नाहीतर कार्बन फायबरचा. त्याच्या टोकाला बंदुकीच्या नळीसारखा लांबट माईक. तो समोरचं जास्त ऐकतो आणि बाजूचं कमी. बहुतेक अशा माईकला रेकॉर्डरमधून केबलवाटेच ४८ व्होल्टचा वीजपुरवठा मिळतो. वाऱ्यासाठी माईकवर फोमची टोपी, आणि जोराचा वारा असेल तर केसाळ आवरण. दुरून बघितलं तर दांड्यावर मांजर बसलंय असं वाटतं! मग नखाएवढे कॉलर माईक आणि त्यांचे बिनतारी संच, हेडफोन, केबली, आणि बॅटऱ्या. बॅटऱ्या किती? लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट. मेमरी कार्ड दोन, शक्य असेल तर एकाच वेळी दोन्हींवर मुद्रण होऊ द्यायचं. शिवाय औषधाच्या दुकानात मिळते ती कागदी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, सुईदोरा, जुन्या चादरी आणि सतरंजीचा एखादा तुकडा. चादरी कशाला? रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा भिंतीवर चादर टांगली की घुमणं पुष्कळ कमी होतं. हजारो रुपयांच्या यंत्रांपेक्षा आजीची गोधडी कधी कधी जास्त काम करते.

पूर्वी या पेटीचा राजा होता ‘नाग्रा’ नावाचा टेपरेकॉर्डर. स्टेफान कुडेल्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली पहिला नाग्रा बनवला. पोलिश भाषेत ‘नाग्रा’ म्हणजे ‘तो मुद्रित करील’. आपल्या नगाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही! आता टेप गेली, कार्ड आलं. सिनेमासाठी साधारणपणे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाजाचं मोजमाप होतं. हे सगळं भाड्यानेही मिळतं, त्यामुळे पहिल्या कामासाठी कर्ज काढू नका. फक्त हेडफोन आपला स्वतःचा असावा, कारण कानांना त्याची सवय लागलेली असते.

भाड्याचं सामान दोन दिवस आधी घरी आणून, जोडून, तासभर मुद्रण करून बघायचं. दुकानातून थेट शूटिंगला गेलात आणि एक केबल खरखरली, तर ती केबल आहे की माईक की रेकॉर्डर हे शोधताना तुमच्या पायांखालची जमीन सरकेल. चाळीस माणसं तुमच्याकडे बघत असतात तेव्हा सोपा स्क्रूसुद्धा फिरत नाही.

आता व्यायाम! हो, व्यायामच. बूम धरणं हे हातांचं काम आहे. दोन्ही हात डोक्यावर, दांडा आडवा, आणि तीन-चार मिनिटांचा शॉट संपेपर्यंत तसंच उभं. सुरुवातीला दीड मिनिटात खांदे थरथरतात आणि माईक चित्रात डोकावतो. मग कॅमेरामन ओरडतो, “बूम दिसतोय!” घरी काठीच्या टोकाला भरलेली पाण्याची लहान बाटली बांधून सराव करता येतो. समोर टीव्ही लावा आणि जो बोलेल त्याच्याकडे बाटली वळवा. संवाद पाठ नसतील तर तुम्ही नेहमी एक शब्द मागे राहाल. म्हणून चांगल्या बूमवाल्याला नटाइतकेच संवाद पाठ असतात. फक्त एक सांभाळा, विजेच्या तारांखाली दांडा कधी उंच करायचा नाही. ॲल्युमिनियमसारखाच कार्बन फायबरही वीज वाहून नेतो.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? माईक तोंडाच्या जवळ राहावा म्हणून. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच गणित आहे. माईक बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब नेला, की मिळणारा आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो. पण सगळीकडे भरून राहिलेली गिरणीची घरघर तेवढीच राहते! म्हणजे माणूस लांब गेला आणि गिरणी जिंकली. आणखी एक मजा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. म्हणजे एका चित्राच्या वेळात आवाज १४ मीटर जातो. माईक नटापासून १४ मीटरवर ठेवला, तर ओठ हलल्यावर शब्द एक चित्र उशिरा पोचेल. करा गुणाकार-भागाकार आणि पडताळून बघा.

शूटिंगच्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचायचं. गडद, न सळसळणारे कपडे घालायचे. गडद अशासाठी, की काचेत किंवा भिंतीवर आपलं प्रतिबिंब उठू नये. पायात मऊ तळव्याचे बूट. पोटभर नाश्ता, नाहीतर शांततेत तुमचंच पोट गुरगुरतं. हा विनोद नाही, मी ते हेडफोनमध्ये ऐकलं आहे! पोचल्यावर सगळ्यांना नावाने नमस्कार करायचा, स्पॉटदादांपासून कॅमेरामनपर्यंत. कलाकाराला कॉलर माईक लावायचा तर आधी विचारायचं, काय कुठे लावणार ते दाखवायचं. लहान मुलाला लावताना त्याचे आई-बाबा जवळ हवेत. मग पंखे बंद, मोबाइल बंद, आणि तो आपला फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की एक जुनी युक्ती करायची: आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्यायची! संध्याकाळी किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, मग फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण राहते. ही युक्ती सगळ्या जगातले साउंडवाले करतात. न केल्यास घरमालकिणीचं दूध नासतं आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्या घरात कोणी घेत नाही.

मग सहायक दिग्दर्शक ओरडतो, “सायलेन्स! रोल साउंड!” आपण बटण दाबतो, आकडे पळताहेत ना हे डोळ्यांनी बघतो आणि मगच म्हणतो, “रोलिंग!” कॅमेरा सुरू होतो, क्लॅपची पाटी ‘टक्’ वाजते. ती टक् कशाला? चित्रात पाटी मिटलेली दिसते आणि ध्वनीत टक् ऐकू येते. संकलक या दोन जागा जुळवतो की ओठ आणि शब्द जुळले. रेकॉर्डरवर शून्य डेसिबल म्हणजे छत. बोलणं छताला टेकलं की फाटलंच. म्हणून नेहमीचं बोलणं उणे वीसच्या आसपास ठेवायचं, म्हणजे कोणी एकदम किंचाळलं तरी वर जागा उरते. हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत, त्यांत असं वरून फाटलेलं बरंचसं नंतर सावरता येतं. पण गिरणी संवादात मिसळली असेल तर तो रेकॉर्डर तरी काय करणार?

प्रत्येक प्रसंग संपल्यावर आणखी एक विचित्र काम असतं. सगळ्यांना जागच्या जागी उभं करून तीस सेकंद ते एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करायची. त्या खोलीची शांतता! प्रत्येक खोलीची वेगळी असते बरं का. संकलनात दोन वाक्यांच्या मधली भोकं तिने बुजवतात. जेवणाची सुट्टी झालेली असते, चाळीस माणसं भुकेली असतात आणि त्यांना एक मिनिट पुतळा करून ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी हे सांगायला जीभ रेटत नाही.

आणि जीभ न रेटण्याची ती माझी गोष्ट अशी.

वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात मी पहिल्यांदा एकट्याच्या जबाबदारीवर गेलो होतो. लघुपट होता. एक ज्येष्ठ नट ओसरीवर बसून मुलाचं पत्र वाचतात असा प्रसंग. शॉट लांबचा, त्यामुळे बूम जवळ नेता येईना. मी त्यांच्या कुडत्याच्या आत कॉलर माईक लावला. तीन टेक झाले. चौथ्या टेकला त्यांनी असं काही वाचलं, की अंगणात चिटपाखरू हललं नाही. आणि मधेच ‘बाळा’ या शब्दावर कुडत्याची कडक इस्त्री माईकवर घासली. खस्स! इतरांना काहीच ऐकू आलं नाही. ते फक्त मला, हेडफोनमध्ये ऐकू आलं. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले होते. ऊन उतरत होतं. ते वळून म्हणाले, “साउंड?”

मी म्हणालो, “ओके.”

तीन महिन्यांनी संकलनाच्या टेबलावर तो ‘खस्स’ सगळ्यांनी ऐकला. माझ्यावर कोणी ओरडलं नाही, पण त्या आजोबांना एस.टी.ने मुंबईला यावं लागलं. काचेच्या थंडगार खोलीत उभं राहून त्यांनी ते एक वाक्य अकरा वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी शब्द तेच होते, पण ओसरीवर बसलेल्या माणसाचा तो श्वास काही पुन्हा आला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अरे, तेव्हाच सांगायचंस ना. मी पुन्हा केलं असतं. म्हाताऱ्याला दुसरं काम काय होतं तिथे?”

शूटिंगच्या भाषेत न जमलेल्या टेकला एन.जी. म्हणतात. तो कसा सांगायचा हे मी नंतर शिकलो. मोठ्याने नाही, रागाने नाही, आणि लांबण तर मुळीच लावायची नाही. दिग्दर्शकाजवळ जाऊन: “पत्रातल्या तिसऱ्या वाक्यावर कपडा घासला. माईक नीट करायला दोन मिनिटं लागतील. अजून एक मिळेल का?” काय बिघडलं, कुठे बिघडलं, किती वेळ लागेल. बस्स. वेळ नसेलच, तर त्या क्षणी, त्याच जागी, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ते वाक्य दोन-तीनदा बोलून घ्यायचं. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. त्या संध्याकाळी मी एवढं जरी मागितलं असतं तरी आजोबांची एस.टी. वाचली असती.

रात्री पॅकअप झाल्यावर सगळे जेवायला पळतात. आपण मात्र कार्डावरचं मुद्रण दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं, चारदोन ठिकाणी ऐकून बघायचं, टेक क्रमांकांपुढे शेरे लिहायचे (‘विमान’, ‘कुत्रा’, ‘तिसरं वाक्य बघावे’), बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आणि मगच ताट घ्यायचं. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, आतल्या तारांना पीळ बसतो. एक वेढा सरळ, एक उलटा, असं गुंडाळायला शिका. घरातल्या एक्स्टेन्शनच्या वायरवर सराव होतो.

आता आई-बाबांसाठी. हे काम मासिक पगाराचं सहसा नसतं. एका शूटिंगहून दुसऱ्या शूटिंगला, असं चालतं. सुरुवात बहुतेकांची केबल ओढण्यापासून आणि बूम धरण्यापासून होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचं रीतसर शिक्षण पदवीनंतर मिळतं, तेव्हा पदवी तर हवीच. भौतिकशास्त्राची गोडी असेल तर दुधात साखर. मुलीही हे काम उत्तम करतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी सिनेमाच्या ध्वनीचं काम अनिता कुशवाह यांनी केलं आहे. आणि एक विनंती. मुलं कानात बोंडं घालून मोठ्या आवाजात गाणी ऐकत असतील तर जरूर रागवा. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

तुमच्या घरी आता मोबाइल असेलच, त्यात ध्वनिमुद्रणाची सोय असते. येत्या रविवारी आजीला किंवा आजोबांना त्यांच्या शाळेची एखादी आठवण सांगायला बसवा. आधी मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मुद्रण करा, मग त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिज बंद. शेवटी अर्धं मिनिट नुसती खोली मुद्रित करा. मग दोन्ही ऐका आणि कोणते आवाज नको असताना आले त्यांची यादी करा. आणि हो, पंखा परत लावायला विसरू नका, आजी उकाड्याने हैराण झालेली असेल. फ्रिजमध्ये ठेवायला तुमच्याकडे गाडीची किल्ली नसेल, तर सायकलची चालेल.